डाव्या हातचे गव्हले

दानक्काचं पत्र आलं तेव्हा संक्रांत व्हायची होती. रेवणसिद्धांनी ते उभ्याउभ्याच वाचलं, घडी घातली आणि हाताला लागलेल्या पुस्तकात ठेवून दिलं. त्यानंतर होळी गेली, पाडवा गेला, गल्लीत कैऱ्यांच्या हातगाड्या फिरायला लागल्या, तरी पत्राला उत्तर गेलं नव्हतं.

दानक्का म्हणजे शांतादेवींची थोरली बहीण. नेसरीला राहणारी, कानांनी पार गेलेली. त्यामुळे फोन तिच्या काही उपयोगाचा नव्हता. फोन तिचा मुलगा शिवकुमार करायचा. "मावशी बरी हाय न्हवं?" असं विचारायचा, रेवणसिद्ध "बरी आहे" म्हणायचे आणि विषय तिथंच मिटायचा. दानक्काचं तेवढ्यावर भागलं नाही. तिनं टपोऱ्या अक्षरांत, मध्ये एकेक ओळ सोडून लिहिलं होतं:

'रेवणअण्णा यांस. सगळे मला शांतव्वा बरी आहे म्हणून सांगतात. बरी म्हणजे काय ते कोणी सांगत नाही. तिचा उजवा हात चालतो का? बोलते का? खरं काय ते लिहा. आमच्या शिवकुमारच्या शांभवीचं लग्न वैशाखात धरलं आहे. आपल्या घरातल्या लग्नाचे पहिले गव्हले शांतव्वाच्या हातचे असतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हा एकट्याच्यानं किती होणार? इथं घर माणसांनी भरलेलं आहे. तिला इथं आणून सोडा.'

बाकी सगळं ठीक होतं. 'आणून सोडा' हे दोन शब्द मात्र रेवणसिद्धांच्या छातीत रुतून बसले. आणून सोडा, म्हणजे सोडून परत जा. परत कुठं, तर या शाहूपुरीतल्या दोन खोल्यांत, पुस्तकांच्या कपाटांसमोर.

त्यांना मूलबाळ नव्हतं. सगळी नोकरी त्यांनी कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांवर आकडे घालण्यात काढली होती आणि माणसांशी बोलायचं काम शांतादेवींवर टाकलं होतं. रिक्षावाल्याशी भाव करायचा तर शांता, घरमालकाला गळतं छप्पर दाखवायचं तर शांता. लग्नाकार्यात हे भिंतीला पाठ लावून उभे राहायचे आणि तिच्या आवाजावरून ती कुठं आहे याचा अंदाज घ्यायचे. मार्गशीर्षात एका सकाळी चहा गाळता गाळता ती खाली बसली, ती उजवी बाजू आणि सगळी भाषा गमावूनच उठली. एकच शब्द मागं राहिला, तोही माहेरच्या कन्नडमधला. बेडा. म्हणजे नको. औषध पुढं केलं की बेडा, खिडकी लावली की बेडा.

उजव्या हाताचं एक बोट जरी हललं, तरी दानक्काला तसं लिहायचं, असं रेवणसिद्धांनी मनाशी ठरवलं होतं. बोट हललं म्हणजे हात येणार, हात आला म्हणजे ती इथंच राहणार. बोट हलेना, म्हणून पत्र लिहवेना. आणि दिवस तर कुणासाठी थांबत नाहीत.

हाताला काम द्या, असं दवाखान्यातून सोडताना सांगितलं होतं. कसलं काम, ते सांगितलं नव्हतं. रेवणसिद्धांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. पुस्तकं आणली. वृद्धांसाठी घरबसल्या करायच्या हस्तकलांचं एक, पक्षाघातावरचं एक, आणि लहान मुलांच्या सुट्टीतल्या उद्योगांचं एक. मग घोटीव कागद आले, लोकर आली, आइस्क्रीमच्या काड्या, डिंकाची बाटली, बोथट टोकाची कात्री आली. दुपारी ऊन चढलं की ते खिडकीच्या पडद्यावर पाणी मारायचे, पंखा बारीक करायचे, नाहीतर कागद उडायचे, आणि शांतादेवींच्या खुर्चीसमोर पाट मांडून बसायचे. कात्री त्यांच्या उजव्या हातात द्यायचे. बोटांभोवती आपली बोटं लपेटायचे. कात्री चालायची ती रेवणसिद्धांच्या जोरावर. हात सोडला की ती पाटावर पडायची.

चिमणाबाई सकाळ-संध्याकाळ शांतादेवींना अंघोळ घालायला, कपडे बदलायला यायची. ती हे सगळं बघायची आणि गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"आण्णा, ही बालवाडी कुणासाठनं काढलायसा?"

"हाताला चालना मिळते," रेवणसिद्ध पुटपुटले.

"काकींच्या का तुमच्या?" तिनं पाटावरचा कागदी आंबा उचलून उलटासुलटा केला. "ह्यो आंबा हाय व्हय? मला वांगं वाटलं. काकी, तुमी सांगा बगू, आंबा का वांगं?"

शांतादेवींनी मान वळवली. "बेडा."

"बगा. त्यास्नी न्हाय आवडत ह्ये."

आवडण्याचा प्रश्नच नाही, असं रेवणसिद्धांना म्हणायचं होतं. पण म्हणायचं असलेलं त्यांच्या तोंडून निघेपर्यंत चिमणाबाई बादली घेऊन मोरीत गेलेली असायची.

खरी गोष्ट अशी होती की शांतादेवींचा डावा हात पुढं यायचा. कागद दिसला की डावा, लोकर दिसली की डावा. आणि रेवणसिद्ध तो हळूच धरून मागं ठेवायचे. "त्यानं नको. या हातानं." पक्षाघातावरच्या पुस्तकात एक प्रकरणच होतं: चांगला हात काही काळ बांधून ठेवावा, म्हणजे निरुपाय होऊन दुबळा हात काम करू लागतो. ते प्रकरण त्यांनी इतक्यांदा वाचलं की पानाचा कोपरा मऊ पडला. शेवटी एका दुपारी त्यांनी आपलं जुनं उपरणं काढलं आणि शांतादेवींचा डावा हात खुर्चीच्या हाताला सैलसर बांधला. "थोडाच वेळ," ते म्हणाले. त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. पुढं लाल लोकरीचा गुंडा ठेवला आणि वाट बघत बसले. गुंड्याकडे कुणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधला.

व्यायाम घ्यायला येणारा प्रसेनजीत एका दुपारी ठरलेल्या वेळेच्या आधीच आला. पलीकडच्या गल्लीतला पेशंट गावाला गेला होता, म्हणून. दारातच तो थबकला. चप्पल काढली, आत आला, काही न बोलता उपरण्याची गाठ सोडली, आणि शांतादेवींचं मनगट चोळत खाली बसला.

"आण्णा, हे कुणी सांगितलं?"

रेवणसिद्धांनी पुस्तक पुढं केलं. प्रसेनजीतनं ते उघडलं, पुढची पानं उलटली आणि त्यांच्याकडे परत दिलं. "पुढचं वाचलं नाहीत. ज्यांची बोटं मुळात थोडी हलतात त्यांच्यासाठी आहे हे. काकूंची हलत नाहीत. तुम्ही त्यांचा उरलेला हातही काढून घेतला की."

"उन्हाळाभर प्रयत्न केला तर..."

"उजव्याची आशा मी तुम्हाला देणार नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं तुम्हाला, मलाही. तो आखडू नये म्हणून व्यायाम करायचा, एवढंच. कामाला डावा लावा."

"डाव्यानं ती काय करणार?"

"ते त्यांना ठरवू द्या. पंधरा वेळा विचारलं तुम्ही मला, उजवा कधी येणार म्हणून. डाव्याचं एकदाही विचारलं नाही."

शांतादेवींच्या मनगटावर उपरण्याचा वळ उठला होता. फार नाही, फिकट. तो संध्याकाळपर्यंत गेला. पण रेवणसिद्धांना तो पुढं कितीतरी दिवस दिसत राहिला. आपण कोणत्या जातीचे मूर्ख आहोत याला एखाद्या कपाटात आकडा असेल का, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला, आणि त्या विचाराचीही त्यांना लाज वाटली.

इथं शहाण्या माणसानं थांबायला हवं होतं. पण बुडणाऱ्याला शहाणपण कुठलं. वॉर्डातल्या विरंगुळा केंद्रात ज्येष्ठांसाठी उन्हाळी हस्तकलेचा वर्ग सुरू होता. संयोगिता मॅडम तो घ्यायच्या. आठवड्यातून दोनदा रिक्षा करून रेवणसिद्ध शांतादेवींना तिथं नेत. कूलरसमोर टेबलं मांडलेली, निवृत्त माणसं पुठ्ठे कापताहेत, बायका लोकरीची फुलं गुंफताहेत. शांतादेवी त्यांच्यात बसायच्या आणि कूलरच्या आवाजाकडे कान लावायच्या. वर्गाच्या शेवटी प्रदर्शन होतं. प्रत्येकानं एक पंखा घरून करून आणायचा होता. पुठ्ठ्याचा, हातात धरायचा, कलिंगडाच्या फोडीसारखा रंगवलेला: आत लाल, कडेला हिरवा, वर काळ्या बिया.

"काकूंना जमेल तेवढंच करू द्या हं काका," संयोगिता मॅडम म्हणाल्या होत्या. "नुसता लाल रंग फासला तरी चालेल."

रेवणसिद्धांनी पंखा स्वतः केला. शांतादेवी झोपल्यावर, दोन दुपारी बसून. त्यांचा हात सुबक होता, पुस्तकांच्या पाठींवर आयुष्यभर आकडे घालून आलेला. एकेक बी त्यांनी बारीक कुंचल्यानं टोकदार काढली. कडेला हिरव्या लोकरीचा टाका घातला. आणि मागं चिठ्ठी लावली: सौ. शांतादेवी घुगरी. चिठ्ठी लावताना त्यांनी स्वतःला सांगितलं की याचा एक फोटो निघेल, तो दानक्काला पाठवता येईल, म्हणजे लिहिण्यासारखं काहीतरी होईल. बोट हललं नाही तर नाही. पंखा तर आहे.

प्रदर्शनाच्या दिवशी त्या पंख्याचं कौतुक झालं. झालंच असतं, इतरांचे पंखे माणसांनी केल्यासारखे वाकडेतिकडे होते. "शांताकाकू, कमाल केलीत," असं म्हणत संयोगिता मॅडमनी पंखा शांतादेवींच्या मांडीवर ठेवला आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. कुणीतरी मोबाइल पुढं धरला. "काकू, इकडं बघा."

शांतादेवींनी इकडं बघितलं नाही. त्यांनी पंख्याकडे बघितलं. मग पुठ्ठा उलटून मागची चिठ्ठी बघितली. मग रेवणसिद्धांकडे बघितलं. रेवणसिद्ध भिंतीला पाठ लावून उभे होते, नेहमीसारखे. शांतादेवींनी डाव्या हातानं आपल्या उजव्या हाताचं मनगट पकडलं, तो हात सगळ्यांना दिसेल इतका वर उचलला आणि पंख्यावर सोडून दिला. हात पडला तसाच पडून राहिला, तळवा वर करून.

टाळ्या थांबल्या. मोबाइल धरलेल्या माणसानं तो खाली घेतला.

"चला, आता पन्हं घेऊ या सगळ्यांनी," संयोगिता मॅडम म्हणाल्या. त्यांनी शांतादेवींच्या खांद्यावर हात ठेवला, आणि रेवणसिद्धांकडे बघायचं टाळलं. ते टाळणंच रेवणसिद्धांना जास्त लागलं.

त्या संध्याकाळी शांतादेवींनी रेवणसिद्धांच्या हातून खाल्लं नाही. चमचा ओठांना लावला की ओठ मिटायचे. बेडासुद्धा म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही तेच. चिमणाबाईनं ताटली घेतली की तोंड उघडायच्या, मऊ भात, आमटी, सगळं निमूट गिळायच्या. रेवणसिद्ध दारात उभे राहून बघायचे.

"काय केलासा ओ काकींना?" चिमणाबाईनं विचारलं. या वेळी तिच्या आवाजात चेष्टा नव्हती.

"मी खोटं बोललो," रेवणसिद्ध म्हणाले.

"तुमी? तुमी तर खरंबी बोलत न्हाईसा." तिनं पुढचा घास कालवला. "मी दोनदाच येतीया. मधल्या वक्ताला काय करायचं मग? असं कसं चालंल?"

असं कसं चालेल, हेच त्यांना कळत नव्हतं. दुपारचं दूध ग्लासात तसंच राहायचं, वर साय धरायची. शांतादेवींच्या गालाची हाडं दिसायला लागली होती, की ती आधीपासूनच दिसत होती आणि आपलं लक्ष उजव्या हातावर होतं? पंख्याखाली दोघं समोरासमोर बसायचे. बाहेर ऊन रस्त्यावर पडून राहिलेलं असायचं. इतकी वर्षं ज्या माणसाच्या आवाजाच्या आडोशाला आपण राहिलो, त्या माणसाला आपल्या हातचं पाणीही नकोसं झालं, हे रेवणसिद्ध पुन्हा पुन्हा घोकायचे आणि उठून कपाटापाशी जायचे. कपाटात या परिस्थितीवर एकही पुस्तक नव्हतं.

अशाच एका दुपारी कपाटातल्या पुस्तकातून दानक्काचं पत्र खाली पडलं. पुन्हा वाचायची गरज नव्हती, तरी वाचलं. शांभवीचं लग्न आता अगदी तोंडावर आलं होतं. पहिले गव्हले. रेवणसिद्धांच्या डोक्यात जे आलं ते सांगायलाही लाज वाटावी असं होतं. त्यांना वाटलं, गव्हले आपणच करावेत, शांताच्या नावानं पाठवावेत. निदान लग्नाची रीत तरी राहील. दानक्का विचारणार नाही. एवढी अद्दल घडूनही माणूस फिरून त्याच खड्ड्यात पाय घालतो.

खिरीचे गव्हले म्हणजे उन्हाळ्यातलं घराच्या आतलं खरं काम. पापड-कुरडया उन्हात, गव्हले सावलीत. दर वर्षी चैत्र लागला की शांतादेवी पडदे ओढून बसायच्या, भिजवलेल्या रव्याची बारीक वळी अंगठा आणि तर्जनीत धरायच्या, आणि बोटांच्या एका फिरकीत गव्हला ताटात पडायचा. दोन्ही टोकांना निमुळता, आजऱ्याच्या घनसाळ तांदळाच्या दाण्याएवढा. तोंड चालू, हात चालू. रेवणसिद्ध पलीकडे पुस्तक वाचत बसलेले असायचे. इतकी वर्षं समोर चाललेलं ते काम त्यांनी एकदाही मान वर करून नीट बघितलं नव्हतं. आता ते पाककृतींच्या पुस्तकात बघून चिरोटी रवा भिजवायला बसले.

दूध जास्त झालं. पीठ बोटांना चिकटलं. आणखी रवा घातला तर गोळा भगराळ झाला. वळी तुटायला लागली. ताटात जे पडलं त्याला आकार म्हणावा असं काही नव्हतं. शांतादेवी खुर्चीतून बघत होत्या. बघत होत्या हे रेवणसिद्धांना उशिरा कळलं, कारण गेले कित्येक दिवस त्या त्यांच्या हातांकडे बघतच नव्हत्या.

"बेडा," शांतादेवी म्हणाल्या.

नेहमीचा बेडा नव्हता. त्यात धार होती. ग्रंथालयातून घरी यायला उशीर झाला की असायची तशी.

रेवणसिद्धांनी ताट मागं ओढलं. मग ओढायचं थांबले. "दानक्काला पाठवायचेत," ते म्हणाले. "शांभवीच्या लग्नाचे. तुझ्या नावानं पाठवणार होतो. त्या पंख्यासारखंच." त्यांनी पिठानं बरबटलेली बोटं वर केली. "माझ्यानं गव्हलेही होत नाहीत, शांता."

मग तिचा डावा हात पुढं आला.

रेवणसिद्धांचा हात सवयीनं तो धरायला उचललाच गेला. त्यात लग्नाचं काम, मुहूर्ताचं, आणि डावा हात. नेसरीला कुणी बघितलं असतं तर अशुभ म्हणून नाव ठेवलं असतं. पण मनगटावरचा तो वळ त्यांना आठवला. त्यांनी आपला हात मांडीखाली घातला, आणि त्यावर बसले.

शांतादेवींनी गोळा चाचपला, नाक मुरडलं, वाटीतला कोरडा रवा चिमटीनं उचलून त्यावर टाकला, आणि गोळा पाटावर तळव्यानं दाबला. परत दाबला. त्यांच्या कपाळावर घाम आला. बऱ्याच वेळानं त्यांनी एक वळी ओढली, जाडसर. अंगठ्यात आणि तर्जनीत धरली, फिरवली. ती निसटून खाली पडली. दुसरीही पडली. डाव्या बोटांना ती फिरकी ठाऊकच नव्हती. रेवणसिद्धांना वाटलं, आता ताट उडणार. तसं झालं असतं तरी त्यांनी काही म्हटलं नसतं.

ताट उडालं नाही. शांतादेवींनी डाव्या हातानं आपला उजवा हात उचलून मांडीवर आणला. तळवा वर केला. आखडलेली बोटं एकेक करून सरळ केली, एखादी घडी पडलेली चोळी नीट करावी तशी. वळीचा तुकडा त्या तळव्यावर ठेवला आणि डाव्या तर्जनीनं त्यावर हलकेच घासलं. पुढं, मागं. उजवा तळवा पोळपाटासारखा पडून होता. तुकडा लांबला, एक टोक निमुळतं झालं. दुसरं झालं नाही.

तो गव्हला त्यांनी ताटात ठेवला. पोटाला फुगलेला, जरा वाकडा. आणि दुसरा तुकडा तळव्यावर घेतला.

रेवणसिद्धांना मदत करायची होती. ती न करणं हे त्या दुपारचं सगळ्यात अवघड काम होतं. मांडीखालच्या हाताला मुंग्या आल्या. एकदा घाम तिच्या डोळ्यांत जातोय असं वाटून त्यांनी पदराचं टोक पुढं केलं, तेवढंच. ऊन खिडकीवरून उतरलं तेव्हा ताटात जेमतेम मूठभर गव्हले झाले होते. रेवणसिद्धांनी केलेले आकार एका कडेला होते. शांतादेवींनी ते बोटानं ढकलून ताटाबाहेर केले. एकही ठेवला नाही.

"बेडा," त्या म्हणाल्या. तोंडाचा डावा कोपरा किंचित वर गेला. हसल्या की काय, ते रेवणसिद्धांना नक्की सांगता आलं नसतं.

संध्याकाळी चिमणाबाई आली, ताटाशी वाकली. "ह्ये काकींनी केल्यात?" मग कडेला पडलेल्या ढिगाकडे बघितलं. "आणि ह्या उंदराच्या लेंड्या कुणाच्या, ते न्हाय इचारत."

त्या रात्री शांतादेवींनी रेवणसिद्धांच्या हातून दोन घास खाल्ले. तिसऱ्याला ओठ मिटले. दोन तर दोन.

गव्हले सुपात, सावलीत वाळत होते. मुंग्यांवर लक्ष ठेवत रेवणसिद्ध शेजारी बसले होते. जे संक्रांतीपासून विचारायचं राहिलं होतं ते त्यांनी त्याच जागी बसून विचारलं. इतके दिवस ते सगळ्यांना विचारत होते, डॉक्टरांना, प्रसेनजीतला, पुस्तकांना. जिचा प्रश्न होता तिला नाही.

"शांता, दानक्का तुला नेसरीला बोलावतेय. जायचंय तुला?"

बेडा ऐकायला त्यांचे कान टवकारलेले होते. शांतादेवी सुपाकडे बघत होत्या. मग त्यांनी मान हलवली. वरून खाली, स्पष्ट, दोनदा.

आणि मी? मीही येऊ का, असं विचारायचं धैर्य रेवणसिद्धांना झालं नाही. नाही म्हणाली तर काय करायचं, म्हणून प्रश्नही त्यांनी गिळला.

दुसऱ्या सकाळी, शांतादेवींची अंघोळ चालू असताना, ते टेबलाशी बसले. कागदावर पहिली ओळ लिहायला त्यांना इतका वेळ लागला की पेनाची शाई वाळली. मग मात्र लिहीत गेले.

'दानक्का यांस. उत्तराला उशीर झाला, तो माझ्या भित्रेपणामुळे. खरं लिहा म्हणालात. उजवा हात चालत नाही. चालेल असं वाटत नाही. बोलणं एका शब्दाचं आहे. सोबत गव्हले पाठवत आहे. ते शांताच्या हातचे आहेत, पण डाव्या हातचे. त्यात माझा एकही नाही. थोडे आहेत आणि वाकडे आहेत. रीतीत बसत नसतील तर चिमण्यांना घाला, पण तिला तसं कळवू नका. मला एकट्याला जमत नाही. मी तिच्याशी फार चुकीचं वागलो, ते भेटीत सांगेन, सांगता आलं तर. तिला नेसरीला यायचं आहे, तसं तिनं सांगितलं. लग्नाआधी घेऊन येतो. तुम्ही आणून सोडा असं लिहिलं होतं. सोडून परत यायचं माझ्यानं होईल असं वाटत नाही. पडवीतला एखादा कोपरा मिळाला तरी मला चालेल. पण तुमची आणि तिची मर्जी असेल तरच. रेवणसिद्ध.'

वाचून बघितलं. शेवटच्या तीन ओळी खोडाव्याशा वाटल्या. मेहुणीच्या घरी जागा मागायची, तीही या वयात. पेन उचललं. मोरीतून चिमणाबाईचा आवाज आला, "काकी, मान वर करा, व्हय, आशी." रेवणसिद्धांनी पेन खाली ठेवलं.

आजऱ्याहून काजू आले होते त्या डबीत गव्हले बसले. डबी कापडात बांधून, वर पत्ता लिहून ते पोस्टात गेले तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. खिडकीपाशी चारजण होते. आपली पाळी येऊ नये असं त्यांना वाटत होतं, आणि ती आली.

"काय हाय आत?" खिडकीपलीकडच्या माणसानं डबी हलवून विचारलं. आत बारीक खुळखुळलं.

"गव्हले."

"लगीन हाय व्हय कुणाचं?"

"हो. नातीचं." आणि न विचारताच पुढं म्हणाले, "माझ्या बायकोनं केलेत."

"मग जपून जायला पायजेत." त्या माणसानं डबी काट्यावर ठेवली, शिक्का मारला, पत्राचं पाकीट वर चिकटवलं. "नेसरी न्हवं? गडहिंग्लजवरनं जाईल."

डबी त्याच्या हातात होती तोवर रेवणसिद्धांचे डोळे तिच्यावर होते. पाकिटातल्या त्या शेवटच्या ओळी अजून परत मागता आल्या असत्या. त्यांनी तोंडही उघडलं.

"आणि काय?" त्या माणसानं विचारलं.

"काही नाही," रेवणसिद्ध म्हणाले.

त्यानं मागं वळून डबी पोत्यात टाकली.